थोर स्टॉक कार चालकांच्या गाड्यांचा आमचा संग्रह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या पुण्याच्या घरी दिवाणखान्यात काचेचे एक लांबट कपाट आहे आणि त्यात अमेरिकेतील स्टॉक कार शर्यती गाजवणाऱ्या चालकांच्या गाड्यांच्या ६४ प्रतिकृती मांडलेल्या आहेत. नोकरीनिमित्त उत्तर कॅरोलायना राज्यातील शार्लट शहरात मी नऊ वर्षे काढली. तेथे जडलेला हा छंद परत येताना सामानात भरून आणला. घरी येणारे पाहुणे, इमारतीतील मुले आणि अलीकडे इतर संग्राहकही ठरावीक प्रश्न विचारतात. उभ्या उभ्या दिलेली उत्तरे नेहमी अर्धवट राहतात, म्हणून ती येथे सविस्तर लिहिली आहेत.

या फॉर्म्युला वनच्या गाड्या आहेत का?

नाही. फॉर्म्युला वनची गाडी उघड्या चाकांची, एकाच बैठकीची आणि मुळातच शर्यतीसाठी घडवलेली असते. स्टॉक कारची कल्पना याच्या उलट टोकाची होती. विक्रेत्याकडे शिलकीत असलेली, कोणालाही विकत घेता येईल अशी छप्पर आणि दारे असलेली घरगुती गाडी आणायची आणि तीच शर्यतीत उतरवायची, असा तो साधा हिशेब होता. अमेरिकेच्या आग्नेय भागातील डोंगराळ मुलखात चोरटी दारू वाहून नेणारे तरुण पोलिसांना चुकवण्यासाठी दिसायला साध्या गाड्यांची इंजिने आतून जोरकस करून घेत, आणि सवड मिळाली की त्याच गाड्या मातीच्या रिंगणात एकमेकांशी भिडवत. पुढे ५० शर्यती जिंकणारे ज्युनियर जॉन्सन याच धंद्यातून आले होते आणि त्यापायी त्यांनी तुरुंगही पाहिला होता.

या विस्कळीत कारभाराला नियम आणि हिशेब यांची शिस्त लावण्यासाठी बिल फ्रान्स यांनी डिसेंबर १९४७ मध्ये फ्लोरिडातील डेटोना बीच येथील स्ट्रीमलाइन हॉटेलात बैठक बोलावली आणि २१ फेब्रुवारी १९४८ रोजी नॅस्कार या संस्थेची रीतसर नोंदणी झाली. नॅस्कारची घरगुती गाड्यांची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लट येथे मातीच्या मार्गावर झाली. त्या दिवशी पहिला आला तो ग्लेन डनवे, परंतु तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागील स्प्रिंगा बदललेल्या आढळल्या. दारूची खेप लादल्यावर गाडी मागून बसू नये म्हणून केलेली ती नेहमीची तजवीज होती. डनवे बाद झाला आणि लिंकन गाडी चालवणाऱ्या जिम रोपर यांना विजयी ठरवण्यात आले. या खेळाचा पहिलाच निकाल असा शर्यत संपल्यानंतर बदललेला आहे, आणि ही गोष्ट पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

आजची स्टॉक कार मात्र नावापुरतीच दुकानातली उरली आहे. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि बाहेर ओळखीच्या गाडीची छाप असलेली कवचे, एवढेच तिचे शोरूमशी नाते राहिले आहे.

एकेका चालकाने शेकडो शर्यती केल्या. त्यातली नेमकी कोणती गाडी घ्यायची हे कसे ठरवता?

गाडी निवडण्याआधी मी दिवस निवडतो. बाजारात रिचर्ड पेटी यांच्या ४३ क्रमांकाच्या गाडीच्या असंख्य आवृत्त्या मिळतात. त्या साऱ्या घेत बसलो तर घर पुरणार नाही आणि पेटी कोण होते हेही कळणार नाही. त्यामुळे प्रत्येक चालकामागे एक, फार तर दोन दिवस ठरवायचे आणि त्या दिवशी गाडी जशी दिसत होती तशी प्रत मिळेपर्यंत थांबायचे, हा नियम पहिल्या दोन वर्षांतील चुकांनंतर मी स्वतःला घालून घेतला.

पेटी यांच्यासाठी ४ जुलै १९८४ हा दिवस घेतला आहे. डेटोना येथील त्या शर्यतीत अखेरच्या काही फेऱ्या उरल्या असताना मागे एक गाडी आदळली. पिवळे निशाण निघाले, म्हणजे रेषा ओलांडल्यावर उरलेल्या फेऱ्या सावकाश आणि क्रम न बदलता काढायच्या. निशाणाखाली पहिला पोहोचेल तोच विजेता ठरणार हे ओळखून पेटी आणि केल यारबरो दाराला दार घासत रेषेकडे धावले आणि पेटी गाडीच्या नाकाएवढ्या अंतराने जिंकले. त्यांचा तो २०० वा आणि शेवटचा विजय होता. राष्ट्राध्यक्ष रेगन त्या दिवशी मैदानात होते. २०० हा आकडा किती मोठा आहे ते दुसऱ्या क्रमांकावरील डेव्हिड पिअरसन यांचे १०५ विजय पाहिले की कळते.

पिअरसन यांचा दिवस १५ फेब्रुवारी १९७६ आहे. डेटोना ५०० या ५०० मैलांच्या, नॅस्कारमधील सर्वांत मानाच्या शर्यतीच्या अखेरच्या फेरीत, शेवटच्या वळणातून बाहेर पडताना पेटी आणि पिअरसन यांच्या गाड्या एकमेकींवर आदळल्या, भिंतीला लागल्या आणि दोन्ही गवतावर जाऊन थांबल्या. रेषा समोर दिसत होती. पेटी यांचे इंजिन बंद पडले आणि पुन्हा सुरू होईना. पिअरसन यांनी गाडी गरगरत असतानाही क्लच दाबून धरून इंजिन चालू ठेवले होते. नाक चेपलेली, चाके घासणारी ती २१ क्रमांकाची लाल-पांढरी मर्क्युरी ताशी जेमतेम २० मैलांच्या चालीने, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या टमटमच्या वेगाने, रेषेपार गेली आणि जिंकली.

मग ती गाडी चेपलेली का नाही? आणि दुसऱ्या एका गाडीला मात्र ओरखडे का आहेत?

पिअरसन यांची माझ्याकडील प्रत शर्यत सुरू होण्यापूर्वीच्या अवस्थेतील आहे, कारण मला मिळाली ती तशीच. अलीकडच्या काळात उत्पादक विजयी गाडीची 'शर्यतीनंतरची' आवृत्ती काढतात. तीत टायरच्या रबराचे काळे फराटे, बंपरवरची चेप, टपावर चिकटलेले रंगीत कागदाचे तुकडे असे सारे छापलेले असते. काहींना हे नाटकी वाटते, पण मला आवडते. दिवस जपायचा असेल तर त्या दिवसाची धूळही असायला हवी.

ज्या गाडीची उजवी बाजू घासलेली आहे ती रॉस चॅस्टेन यांची आहे. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मार्टिन्सविल येथे अजिंक्यपदाच्या अंतिम लढतीसाठी पात्र ठरायला त्यांना शेवटच्या फेरीत आणखी जागा मिळवणे भाग होते. त्यांनी पाचवा गिअर टाकला, गाडी बाहेरच्या भिंतीला टेकवली आणि अॅक्सिलरेटर न सोडता भिंतीच्या आधाराने दोन्ही वळणे काढली. पाच गाड्या मागे टाकल्या. पुढच्या हंगामापूर्वीच नॅस्कारने असा प्रकार पुन्हा चालणार नाही असे जाहीर केले, त्यामुळे ही प्रत एकदाच घडलेल्या गोष्टीची आहे.

दारे का उघडत नाहीत? प्रतीत खोट आहे का?

हा मुलांचा पहिला प्रश्न असतो आणि दार ओढून पाहण्याआधी तो विचारला जावा अशी माझी इच्छा असते. खऱ्या गाडीलाही उघडणारे दार नसते. चालक खिडकीतून पाय आत टाकून, मग अंग सरकवून बसतो आणि त्यानंतर खिडकीवर पट्ट्यांची जाळी चढवली जाते, जेणेकरून अपघातात हात बाहेर फेकला जाऊ नये. समोरचे दिवेही खरे नसतात. ती दिव्यांची चित्रे आहेत. त्यामुळे प्रतिकृतीवर दिवे 'नुसते छापलेले' असतील तर ती तंतोतंत आहे असे समजावे. महागड्या आवृत्त्यांत बॉनेट आणि डिकी उघडते आणि आत इंजिन, नळ्या, इंधनाची टाकी दिसते.

१:२४ म्हणजे काय?

खऱ्या गाडीची लांबी २४ ने भागली म्हणजे प्रतिकृतीची लांबी येते. साधारण पाच मीटरच्या गाडीची प्रत सुमारे २१ सेंटिमीटर होते. १:६४ ची प्रत आठ सेंटिमीटरच्या आत बसते आणि मुलांच्या खिशात मावते. स्टॉक कारच्या संग्राहकांत हीच दोन मापे रूढ आहेत.

या गाड्या बनतात कशा?

जस्ताचा मिश्रधातू वितळवून तो पोलादी साच्यात दाबाने भरतात, म्हणून यांना डायकास्ट म्हणतात. या मिश्रधातूत जस्ताबरोबर सुमारे चार टक्के अॅल्युमिनियम आणि थोडे तांबे, मॅग्नेशियम असते. तो कमी तापमानाला वितळतो आणि साच्यातील बारीक रेषाही उचलतो. कवचाला रंग दिल्यानंतर क्रमांक आणि प्रायोजकांची नावे मऊ सिलिकॉनच्या गादीने उमटवतात. शाई आधी कोरीव पट्टीवरून त्या गादीवर येते आणि गादी वक्र पृष्ठभागावर दाबली की ठसा गोलाईसकट बसतो. आमच्याकडील एका स्वस्त प्रतीत दारावरचा आकडा दाराच्या फटीवर किंचित तुटला आहे. भिंगातून पाहिले तर तेथे शाईचा एक केसाएवढा पूल दिसतो. गादी घाईने उचलली गेल्याची ती खूण आहे.

साचा महाग असतो, म्हणून एका हंगामातील एकाच बनावटीच्या सर्व गाड्या एकाच साच्यातून निघतात आणि वेगळेपण केवळ रंगाचे असते. त्यातील ज्याची मागणी जास्त त्याचे नग जास्त.

हे कोण बनवते?

जुन्या काळात एर्टल, नंतर रेसिंग चॅम्पियन्स आणि रेव्हेल ही नावे होती. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या अॅक्शन परफॉर्मन्स या अॅरिझोनातील कंपनीने नव्वदच्या दशकात हा व्यवसाय जवळजवळ आपल्या ताब्यात घेतला. २०१० पासून ही सूत्रे खेळण्यातील आगगाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या लायनेलकडे आहेत.

काही गाड्यांच्या मागच्या काचेत फट का आहे?

त्या गल्ल्याच्या गाड्या आहेत. नाणे आत टाकायची सोय असलेल्या प्रती नव्वदच्या दशकात बऱ्याच निघाल्या. आमच्या गल्ल्यात एक रुपयाचे जुने मोठे नाणे अडकून बसले आहे आणि ते आता त्या गाडीचाच भाग आहे असे आम्ही मानून घेतले आहे.

क्रमांक चालकाचा असतो का?

लोकांच्या मनात तो चालकाचाच असतो, कागदोपत्री मात्र नसतो. नॅस्कार तो संघमालकाला वापरायला देते. ही बाब ३ आणि २९ या दोन आकड्यांवरून सांगणे सोपे जाते. कपाटात मधल्या फळीवर त्या गाड्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. डेल अर्नहार्ट यांनी सात वेळा अजिंक्यपद मिळवले, त्यांपैकी शेवटची सहा रिचर्ड चिल्ड्रेस यांच्या संघाकडून ३ क्रमांकावर. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोना ५०० च्या अखेरच्या फेरीत, शेवटच्या वळणावर भिंतीवर आदळून त्यांचा मृत्यू झाला. चिल्ड्रेस यांनी गाडी काळ्याची पांढरी केली, ३ चा २९ केला आणि केव्हिन हार्विक या नवख्या मुलाला तीत बसवले. ११ मार्च रोजी, आपल्या तिसऱ्याच शर्यतीत, हार्विक यांनी अटलांटा येथे जेफ गॉर्डन यांना ०.००६ सेकंदांनी हरवले आणि खिडकीबाहेर हात काढून तीन बोटे दाखवत मैदानाला फेरी मारली. ३ हा आकडा पुढे २०१४ पर्यंत वरच्या मालिकेत, म्हणजे नॅस्कारच्या सर्वोच्च श्रेणीच्या शर्यतींत, दिसला नाही.

त्या अपघातानंतर त्याच वर्षी डोके व मान जखडून ठेवणारे साधन सक्तीचे झाले. तेव्हापासून वरच्या मालिकेतील शर्यतीत एकाही चालकाचा मृत्यू झालेला नाही.

अर्नहार्ट यांच्या दोन गाड्या का?

एक १९९५ ची चंदेरी आहे आणि ती मी केवळ मोहापायी घेतली, हे मान्य करतो. कायम काळ्या गाडीत दिसणारा हा माणूस त्या वर्षीच्या निवडक चालकांच्या शर्यतीत अचानक चंदेरी गाडी घेऊन उतरला आणि एकाच शर्यतीसाठी वेगळा रंग देऊन त्याच्या प्रती विकण्याची जी लाट आली तिला या गाडीने जोर दिला. दोन वर्षांनी गॉर्डन यांनी त्याच शर्यतीत डायनासोरचे चित्र असलेली गाडी आणली आणि जिंकलीही.

दुसरी गाडी १५ फेब्रुवारी १९९८ ची आहे. अर्नहार्ट यांना डेटोना ५०० सोडून बाकी सारे मिळाले होते. १९ वेळा प्रयत्न झाले होते. एकदा शेवटच्या फेरीत आघाडीवर असताना टायर फाटला. त्या शर्यतीच्या आदल्या दिवशी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या एका लहान मुलीने त्यांना एक पेनीचे नाणे दिले आणि याने तुम्ही जिंकाल असे सांगितले. त्यांनी ते डॅशबोर्डला चिकटवले. विसाव्या प्रयत्नात ते जिंकले. शर्यतीनंतर पिटमधून, म्हणजे संघ गाड्यांची देखभाल करतात त्या पट्ट्यातून, जाताना सर्व प्रतिस्पर्धी संघांची माणसे रांग करून उभी होती आणि गाडी हळूहळू पुढे नेत त्यांनी खिडकीतून एकेकाच्या हाताला हात लावला. प्रत हाती आल्यावर मी मोबाइलचा दिवा खिडकीतून आत धरून ते नाणे शोधले. आमच्या प्रतीत नाही. डॅशबोर्ड नुसता काळा प्लास्टिकचा आहे. ज्या दिवसाची गाडी म्हणून ती विकली, त्या दिवसाचे मर्म त्यांनी वगळले, याची रुखरुख अजून आहे.

उंच पंखाची निळी गाडी कार्टूनमधली आहे ना?

मुले ती पाहताच ओळखतात, कारण २००६ सालच्या एका गाजलेल्या अॅनिमेशनपटात अशीच निळी, ४३ क्रमांकाची वयोवृद्ध गाडी आहे आणि तिला आवाज खुद्द रिचर्ड पेटी यांनी दिला आहे. खरी गाडी १९७० ची प्लिमथ सुपरबर्ड होय. १९६९ मध्ये पेटी प्लिमथ सोडून फोर्डकडे गेले होते. त्यांना परत आणण्यासाठी कंपनीने हे टोकदार नाकाचे आणि उंच पंखाचे यंत्र उभे केले. नियमानुसार अशाच गाड्या सामान्य ग्राहकांसाठीही बनवाव्या लागत, म्हणून १९०० हून अधिक सुपरबर्ड रस्त्यावर आल्या आणि कित्येक विक्रेत्यांकडे पडून राहिल्या, कारण असली गाडी घेऊन भाजी आणायला जायची कोणाचीच तयारी नव्हती. १९७१ मध्ये पंखवाल्या गाड्यांच्या इंजिनाचा आकार नियमाने इतका कमी केला गेला की त्या आपोआप संपल्या.

हा निळा रंग 'पेटी ब्लू' म्हणून ओळखला जातो. १९७२ मध्ये तेलातील रसायने बनवणाऱ्या एसटीपीने प्रायोजकत्व देऊ केले, तेव्हा संपूर्ण गाडी त्यांच्या भडक लाल रंगाची हवी अशी अट होती. पेटी निळा सोडेनात. शेवटी दोन्ही रंग एकाच गाडीवर आले. १९८४ च्या गाडीवर ती तडजोड आजही पाहता येते.

प्रत अचूक आहे की नाही हे कसे ओळखावे?

खोका, प्रमाणपत्र आणि तळावरचा नगांचा आकडा सगळेच पाहतात. मी आधी टप पाहतो. गाडी गरगरून तिचे तोंड मागे फिरले असता हवेच्या दाबाने उघडून तिला जमिनीवर धरून ठेवणारी झडपे १९९४ पासून टपावर आली. त्याआधीच्या वर्षाच्या गाडीवर ती दिसली तर उत्पादकाने नंतरचा साचा वापरला आहे. तसेच दारावरचा आकडा पुढच्या चाकाकडे सरकलेला असेल आणि चाकाला मध्ये एकच मोठी नट असेल, तर गाडी २०२२ किंवा त्यानंतरची आहे. त्यापूर्वी प्रत्येक चाकाला पाच नटा असत.

प्रायोजकांची नावेही तपासावीत. १९७१ पासून २००३ पर्यंत अजिंक्यपद सिगारेटच्या नावाने ओळखले जाई आणि बिअर, तंबाखू यांच्या गाड्या पुष्कळ होत्या. मुलांसाठी काढलेल्या स्वस्त प्रतींवरून ही नावे बहुधा गाळली जात. बिल एलियट यांची १९८७ ची लाल फोर्ड थंडरबर्ड, जिने टॅलाडेगा येथे पात्रता फेरीत ताशी २१२.८०९ मैल, म्हणजे सुमारे ३४२ किलोमीटर, असा आजवर न मोडलेला वेग गाठला, ती बिअरच्या नावासकट हवी म्हणून मी चार वर्षे थांबलो. आमच्या घरात कोणी बिअर पीत नाही आणि त्या नावाबद्दल आईने मला दोनदा विचारले आहे.

अॅलन कुलविकी यांच्या गाडीच्या नाकावर मात्र तपासायची गंमत वेगळी आहे. १९९२ च्या निर्णायक शर्यतीत बलाढ्य संघांपुढे आपण कमी ताकदीचे आहोत म्हणून त्यांनी 'थंडरबर्ड' या नावाची सुरुवातीची दोन इंग्रजी अक्षरे काढून ते 'अंडरबर्ड' केले होते. ते १० गुणांनी अजिंक्य ठरले आणि पुढच्या एप्रिलमध्ये विमान अपघातात गेले. प्रतीवर दोन अक्षरे जास्त असतील तर ती त्या दिवसाची नाही.

एक गाडी प्लास्टिकची का आहे?

ती वेंडेल स्कॉट यांची आहे. नॅस्कारची वरच्या मालिकेतील शर्यत जिंकणारे ते पहिले कृष्णवर्णीय चालक. १ डिसेंबर १९६३ रोजी फ्लोरिडातील जॅक्सनविल येथे ते सर्वांच्या पुढे होते, तरी निशाण दाखवून विजयी ठरवले गेले ते बक बेकर. स्कॉट यांनी हरकत घेतली, काही तासांनी फेऱ्यांचा हिशेब चुकल्याचे मान्य झाले, परंतु तोवर प्रेक्षक पांगले होते आणि चषक बेकर यांच्याबरोबर गेला होता. मूळ चषक स्कॉट यांना कधीच मिळाला नाही. ते १९९० मध्ये वारले, २०१५ मध्ये त्यांचा शार्लट येथील हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला आणि २०२१ मध्ये त्यांच्या कुटुंबाला त्या विजयाचा चषक देण्यात आला.

त्या दिवसाच्या गाडीची मनासारखी धातूची प्रत मला सापडली नाही. शेवटी १९६२ च्या शेव्हरोलेचे प्लास्टिकचे किट आणून जोडले आणि दारावर ३४ हा आकडा ट्रिपल झीरोच्या कुंचल्याने हाताने काढला. डाव्या दारावरच्या ४ चा पाय थोडा जाड झाला आहे. किटचे माप १:२५ असल्याने ती शेजारच्या गाड्यांपेक्षा किंचित लहान दिसते, पण तिला मी मधल्या फळीवरून हलवत नाही.

स्त्रिया आणि भारतीय यांच्यापैकी कोणी आहे का?

१९७७ च्या डेटोना ५०० मध्ये भाग घेऊन जॅनेट गथ्री या पहिल्या महिला ठरल्या आणि बाराव्या आल्या. २०१३ मध्ये डॅनिका पॅट्रिक यांनी त्याच शर्यतीत सर्वांत पुढची जागा मिळवली आणि आठव्या क्रमांकावर पोहोचल्या. त्यांची १० क्रमांकाची हिरवी गाडी वरच्या फळीवर आहे. भारताचे पहिले फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन २०१० मध्ये नॅस्कारच्या ट्रक मालिकेत उतरले, मार्टिन्सविलच्या पहिल्याच शर्यतीत १३ वे आले आणि वर्षअखेरीस त्या मालिकेतील सर्वांत लोकप्रिय चालक म्हणून निवडले गेले. त्यांचा ट्रक आमच्याकडे नाही. कोणाकडे विकाऊ असेल तर किमतीबाबत घासाघीस करणार नाही, असे जाहीरपणे लिहून मी माझेच नुकसान करून घेत आहे.

या संग्रहाची किंमत किती?

नातेवाइकांचा हा आवडता प्रश्न आहे. उत्तर निराशाजनक आहे. नव्वदच्या दशकात लोकांनी गुंतवणूक म्हणून या गाड्यांचे खोकेच्या खोके घेऊन माळ्यावर ठेवले आणि उत्पादकांनीही हजारोंनी नग काढले. सर्वांनीच जपून ठेवलेली वस्तू दुर्मीळ होत नाही, त्यामुळे त्यांतील पुष्कळ गाड्या आज मूळ किमतीच्याही खाली विकल्या जातात. चालकाची खरी सही असलेली किंवा फार थोड्या नगांची प्रत याला अपवाद आहे. संग्रह विकायचा नाही, हे उत्तर त्यामुळे देणे सोपे जाते.

भारतात मागवता येतात का?

येतात, परंतु हिशेब आधी करावा. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले, आणि टपालखर्च वेगळा असतो. मला गाडीच्या किमतीहून पोहोचवणावळ जास्त पडल्याचे दोन प्रसंग आहेत. एकदा खोका उघडून पुन्हा चिकटपट्टीने बांधलेला आला आणि आत सुपरबर्डचा पंख वेगळा वाजत होता. कोणाच्या हातून मोडला हे कळायला मार्ग नव्हता. तो जोडला आहे आणि डावीकडे अर्धा अंश कललेला आहे. अमेरिकेत राहणाऱ्या भाच्याला सुटीवर येताना आणायला सांगणे हाच उत्तम मार्ग.

पावसाळ्यात निगा कशी राखता?

धातूपेक्षा खोके आणि टायर यांची काळजी अधिक घ्यावी लागते. जून ते सप्टेंबर पुठ्ठ्याला बुरशी धरते आणि रबराचे टायर बराच काळ एकाच जागी दाबून राहिले की प्लास्टिकच्या तळाला चिकटून डाग पाडतात. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो, त्या दर महिन्याला बदलतो आणि गाड्या तळाला बांधणारे स्क्रू थोडे सैल ठेवतो. धूळ मेकअपच्या मऊ ब्रशने काढावी. ओले फडके, काच पुसायचे द्रव आणि नेलपॉलिश काढायचे औषध यांना जवळ येऊ देऊ नये, कारण छपाई निघते.

हळद मात्र निघत नाही. दसऱ्याला घरातल्या गाड्यांची पूजा झाली, तेव्हा या गाड्यांनी काय पाप केले आहे असे म्हणून आईने कपाट उघडून प्रत्येकीला हळदकुंकू आणि झेंडूची एकेक पाकळी वाहिली. काळ्या ३ वर काही दिसत नाही. हार्विक यांच्या पांढऱ्या २९ च्या बॉनेटवर पिवळा ठिपका कायमचा राहिला.

मधल्या फळीवर एक जागा रिकामी का आहे?

तेथे बॉबी अॅलिसन यांची १९७१ ची मस्टँग यायची आहे. ६ ऑगस्ट १९७१ रोजी विन्स्टन-सेलम येथील बोमन ग्रे मैदानावर ते पहिले आले, पण त्यांची गाडी खालच्या वर्गातील, त्या रात्री मोठ्या गाड्यांबरोबर धावू दिलेली होती, म्हणून तो विजय त्यांच्या खात्यावर धरला गेला नाही आणि त्यांचे विजय ८४ वरच राहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये, ५३ वर्षांनी, नॅस्कारने तो मान्य करून आकडा ८५ केला. त्यानंतर महिनाभरातच, नोव्हेंबरमध्ये, अॅलिसन वारले. त्या मस्टँगची प्रत अजून कोठे दिसलेली नाही. स्कॉट यांच्या शेव्हरोलेच्या शेजारी २२ सेंटिमीटर जागा मोजून ठेवली आहे, आणि प्रत निघालीच नाही तर किट आणि कुंचला घरात आहेत.